तिसऱ्या नंबरचा प्लग

त्याला सगळे शंकामिस्त्री म्हणत. तोंडावर नुसतं मिस्त्री, पाठीमागे शंकामिस्त्री. हे त्याला ठाऊकही होतं, कारण आपल्या पाठीमागे काय बोललं जातं याचा सुगावा लावणं हा त्याचा अर्धा उद्योगच होता. दुकानातून नवा पट्टा आणला तर खोक्यावरचा नंबर वाचून त्याचं समाधान होत नसे. पट्टा बाहेर काढून, जुन्याशेजारी धरून, ताणून, वास घेऊन मगच तो "असेल" म्हणे. "आहे" हा शब्द त्याच्या तोंडून क्वचितच निघे. बायको म्हणायची, "लग्नाच्या दिवशीसुद्धा यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी वरून रंग मारून आणलेली जुनी गाडी."

गॅरेज घराच्या खालीच होतं. दोन गाड्या मावतील एवढी जागा, मधोमध माणूस उभा राहील असा खड्डा, आणि मागच्या भिंतीवर एक मोठी फळी. फळीवर प्रत्येक पान्याच्या आकाराची पांढरी रेघ काढलेली होती. कुठला पाना जागेवर नाही ते दारातूनच दिसावं म्हणून. वर राहायच्या खोल्या. एका बाजूला मिस्त्री आणि त्याची बायको, दुसऱ्या बाजूला त्याचा धाकटा भाऊ. धाकटा अजून एकटाच होता आणि जेवायला वहिनीकडे असे.

मिस्त्री असा का झाला हे गल्लीतल्या कुणाला फारसं माहीत नव्हतं. त्याचे वडील मालाचा ट्रक चालवत. ते घरी येईनासे झाले तेव्हा थोरला शाळेत होता आणि धाकटा पाळण्यात. वडील शेजाऱ्यांकडे फोन करून थोरल्याला बोलावून घेत. "रेडिएटर फुटलाय रे, इथंच अडकलोय. आईला सांग." पुढच्या खेपेला फॅनचा पट्टा तुटलेला असे. त्यापुढे डिझेलच्या टाकीत पाणी गेलेलं असे. पोरगा धावत घरी जाई आणि आईला सगळं जसंच्या तसं सांगे. एवढे अवघड शब्द आपल्याला पाठ होतात याचा त्याला अभिमान वाटे. आई ऐकून घेई. मग कधीतरी फोनच यायचे थांबले.

पुढे तो एका उस्तादाकडे गॅरेजात कामाला लागला. एके दिवशी उस्तादाने एक फुटका रेडिएटर जेवणाच्या सुट्टीआधी झाळून गाडी रवाना केली. थोरला ते बघत उभा राहिला आणि मग मागच्या नळावर जाऊन बराच वेळ तोंड धूत बसला. त्यानंतर तो एकेक बिघाड शिकत गेला तसतसं वडिलांचं एकेक खोटं त्याच्यासमोर उलगडत गेलं. पट्टा बदलायला आठवडा लागत नाही. टाकीतलं पाणी काढायला दुपार पुरते. हातात पाना धरायला शिकता शिकता तो माणसांवर विश्वास ठेवायचं विसरून गेला.

धाकट्याला वडील आठवतच नव्हते. त्याला थोरल्यानेच वाढवलं, थोरल्यानेच काम शिकवलं. हात चांगला होता त्याचा. पण वस्तू जागेवर ठेवायचं नाव नाही. काम करताना गुणगुणत असे, आणि फळीवरच्या निम्म्या पांढऱ्या रेघा त्याच्यामुळे रिकाम्या पडलेल्या असत. एक मात्र सवय त्याने स्वतःहून लावून घेतली होती. इंजिनाच्या पोटातला प्रत्येक बोल्ट पक्का आवळला की त्यावर पिवळ्या रंगाची एक आडवी रेघ ओढायची. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसावी.

त्या सकाळी बेकरीवाल्या बाई आपली व्हॅन घेऊन आल्या. गाडी अशी धक्के देत येत होती की मागचे पावांचे ट्रे एकमेकांवर आपटून गल्लीभर खडखडाट झाला. बाईंच्या भुवयांवर पीठ होतं. ते तिथं कायमच असे.

"मिस्त्री, गाडी लंगडतेय," त्या म्हणाल्या. "हमरस्त्यावर जरा पळवली आणि एकदम तिचा जीवच गेला."

मिस्त्रीने बॉनेट उघडलं आणि एकेका प्लगची वायर काढून बघितली. तिसऱ्या नंबरची वायर काढली तरी इंजिनाला काही फरक पडला नाही, म्हणजे तिसरा सिलिंडर झोपलेला होता. त्याने प्लग खोलून हातात घेतला, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली.

प्लगच्या टोकाशी पोलादाची एक वाकडी जीभ असते. ती जीभ आणि मधलं टोक यांच्यात नखाच्या जाडीएवढी फट ठेवलेली असते. ठिणगी त्या फटीतून उडते. या प्लगची जीभ दाबली जाऊन टोकाला घट्ट चिकटली होती. फट उरलीच नव्हती.

"हे काय झालं?" बाईंनी विचारलं.

"पिस्टनने थोबाडीत मारलीय याच्या," मिस्त्री म्हणाला. "पिस्टन वर येतो, पण प्लगपर्यंत पोचायला नको. इथं पोचलाय."

हे इंजिन गेल्या हिवाळ्यात धाकट्याने खोललं होतं. रिंगा, बेअरिंगं, सगळं त्यानेच नवं घातलं होतं. तो खड्ड्यातून वर आला, प्लगकडे बघितलं आणि म्हणाला, "दादा, ही गाडी बाईंच्या बोळात नाक वर करून उभी असते. तीही इंजिन चालू ठेवून. तेल सगळं मागे जातं. मी मागेच म्हणालो होतो."

मिस्त्रीने प्लग मुठीत मिटला. त्याच्या मनात पाल चुकचुकली. आपण अजून काही विचारलं नाही, आणि याचं उत्तर तयार. ज्याच्याकडे कारण आधीपासून तयार असतं, त्याला ते लागणार हेही आधीपासून माहीत असतं. फोनवरचा तो आवाज त्याला आठवला. त्यालाही कारणं शोधावी लागत नसत.

त्याने तपास सुरू केला. चारही प्लग फडक्यावर ओळीने मांडले. कधी कधी जास्त लांब आट्यांचा प्लग बसवला जातो आणि त्याचं टोक आत डोकावतं. पण चारही सारख्याच लांबीचे होते. वॉशर जागच्या जागी होते. त्याने बॅटरीचा झोत भोकातून आत टाकला. पिस्टनच्या काळ्या माथ्यावर एकच लखलखीत ठिपका होता. सिलिंडरमध्ये एखादा नट किंवा खिळा पडला असता, तर तो आत नाचला असता आणि सगळीकडे टोचे पडले असते. इथं एकच जागा, एकच मार. म्हणजे पिस्टनच लागला होता, यात शंका नव्हती. मग त्याने नव्या प्लगच्या टोकाला मऊ चिकणमातीचा गोळा लावला, प्लग बसवला आणि इंजिन हाताने सावकाश फिरवलं. काढून बघितलं तर माती दबली होती, पण फाटली नव्हती. मधे पुरेशी जागा होती.

प्लग बरोबर, जागा बरोबर, तरी मार बसलेला. मिस्त्री बराच वेळ ती माती बोटांनी कुस्करत उभा राहिला. एक तर गाडी खोटं बोलत होती, नाहीतर माणूस. गाडीवर संशय घ्यायची त्याला सवय नव्हती. धाकट्याने आधी चुकून लांब प्लग बसवला असेल, तेव्हा पिस्टनवर खूण उमटली असेल, आणि मग घाईघाईत बदलताना हा प्लग फरशीवर आपटला असेल. जीभ वाकली असेल, न बघता तसाच लावला असेल. आणि आता बोळाची गोष्ट सांगतोय.

त्याने नवा प्लग लावला. लावण्याआधी वर जाऊन बायकोच्या नखांना लावायच्या लाल रंगाचा एक थेंब प्लगच्या कडेला लावून आणला. हाच प्लग परत येतो का दुसरा, ते कळावं म्हणून.

"मला न विचारता माझी बाटली कशाला उघडली?" बायकोने विचारलं.

"काम होतं."

"नखं रंगवायचं?"

तो खाली गेला.

एकदा संशय आला की त्याला सगळीकडे खाऊ मिळतो. मिस्त्रीला आता दिसू लागलं की धाकटा दुपारी जेवून झाल्यावर तास-तास गायब असतो. फोन आला की गल्लीत जाऊन हळू आवाजात बोलतो. त्याच्या बुटांवर सिमेंटचे शिंतोडे असतात, आणि गॅरेजात तर सिमेंटचं काही काम चालू नव्हतं. एकदा खिशातून रुमाल काढताना एक किल्ली खाली पडली. मिस्त्रीने ती उचलून दिली. देता देता नीट बघून घेतली. ती त्यांच्या कुठल्याच कुलपाची नव्हती.

"कसली रे?"

"आहे एक," धाकटा म्हणाला आणि किल्ली खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्रीने स्पेअर पार्टच्या दुकानात जातो असं सांगितलं आणि धाकट्याच्या मागोमाग निघाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो कुणावर अशी पाळत ठेवत होता. कोपऱ्याकोपऱ्यावर थांबताना त्याला आपलीच लाज वाटली, पण पाय परत फिरले नाहीत. धाकटा बाजाराच्या मागून, धोब्याच्या दुकानावरून, थेट बेकरीच्या बोळात शिरला. बोळ चढाचा होता. बेकरीच्या मागच्या दाराशी व्हॅन उभी होती, तोंड चढाकडे करून, इंजिन घरघरत. बाई आणि त्यांचा एक गडी ट्रे चढवत होते. समोरच एक जुनी, पत्र्याची शेड होती. धाकट्याने खिशातल्या त्या किल्लीने तिचं दार उघडलं. बाई हात पुसत त्याच्यामागे गेल्या. दोघं दारात उभं राहून काहीतरी बोलत होते, आणि बाई हसल्या.

मिस्त्री धोब्याच्या दुकानाच्या आडोशाला उभा राहून त्यांचे चेहरे बघत होता. कोण किती हसतं, कोण कुणाकडे बघतं, कोण आजूबाजूला नजर टाकतं. बाकी त्याने काही बघितलं नाही. परत येताना त्याच्या डोक्यात सगळा हिशेब जुळला होता. धाकटा स्वतःचं गॅरेज उभारतोय. बाई त्याला सामील आहेत. आणि इथलं नाव खराब करायला इथल्याच गाडीचा वापर होतोय.

महिना उलटायच्या आत व्हॅन पुन्हा लंगडत आली. या वेळी बाई तिला सोडून लगेच निघून गेल्या, त्यांना भट्टीकडे जायचं होतं. मिस्त्रीने तिसऱ्या नंबरचा प्लग काढला. लाल थेंब जागेवर होता. आणि जीभ पुन्हा चेपलेली. म्हणजे प्लग कुणी बदलला नव्हता. हाच प्लग त्याने स्वतःच्या हाताने लावला होता, आणि यालाही पिस्टनने मारलं होतं.

त्याने मागचे सगळे ट्रे उतरवून भिंतीशी ठेवले, म्हणजे खडखडाट बंद होईल, आणि बाकीच्या तीन सिलिंडरांवर इंजिन चालू केलं. रेस वाढवली. आता ऐकू आलं. खोलवर, जाड, दाराच्या आतून कुणी मूठ मारावी तसा ठोका. गेल्या वेळी ट्रेंच्या गोंगाटात तो बुडाला होता. मिस्त्रीने इंजिन बंद केलं, प्लगच्या भोकातून एक बारीक सळई पिस्टनवर टेकवली आणि खालचा फिरता दांडा, क्रँक, हाताने जरासा मागेपुढे केला. क्रँक हलला, सळई हललीच नाही. मग एकदम हलली. मधे सैलपणा होता. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडचं बेअरिंग ढिलं झालं होतं. हळू फिरवताना पिस्टन आपल्या जागी थांबतो, म्हणून माती फाटली नव्हती. पण हमरस्त्यावर वेगात धावताना तो त्या ढिलाईतून केसभर वर उसळत होता, आणि तेवढ्यात प्लगची जीभ सापडत होती.

बेअरिंग कुणी घातलं होतं, हे त्याला कुणाला विचारायला नको होतं.

धाकटा दुसऱ्या गाडीचा टायर चढवत होता. मिस्त्री त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"बेकरीच्या बोळातल्या शेडमध्ये काय चालतं?"

धाकटा हात पुसत हळूहळू उभा राहिला. "पाळत ठेवलीस माझ्यावर?"

"विचारलं त्याचं उत्तर दे."

"भाड्याने घेतलीय. स्वतःचं काम सुरू करणार आहे. तुला सांगणारच होतो."

"आणि बाईंच्या गाडीचं बेअरिंग ढिलं सोडलंस. इथलं काम बिघडलं की गिऱ्हाईक आपोआप तिकडे."

मिस्त्रीची बायको चहा घेऊन जिन्यावर आली होती. ती तिथंच थांबली. धाकट्याने भावाकडे बघितलं.

"हे तुला खरंच वाटतं, दादा?"

"वाटायचा प्रश्न नाही. रॉड हलतोय."

"मग खोलून बघ," धाकटा म्हणाला. त्याने हातातला पाना उचलला, फळीपाशी गेला, त्या पान्याची पांढरी रेघ शोधली आणि बरोबर तिच्यावर तो टांगला. मग शर्ट चढवला आणि गॅरेजाबाहेर पडला.

बायको जिना उतरून खाली आली. मग म्हणाली, "शेडचं मला माहीत होतं."

"तुला?"

"त्याने आधी मला सांगितलं. तुम्हाला कसं सांगावं ते विचारत होता. मीच म्हटलं, जरा थांब, यांचा मूड बघून सांगू. तुमच्याशी बोलायला माणसं घाबरतात. म्हणून गप्प बसतात. आणि मग तुम्ही म्हणता, लपवलं."

तिने चहा खाली ठेवला आणि वर निघून गेली. मिस्त्रीने तो घेतला नाही. त्या दिवशी त्याला वाटत राहिलं की घरातली प्रत्येक भिंत त्याच्याविरुद्ध काहीतरी कुजबुजतेय. बायकोने जेवण वाढलं तेव्हा त्याने ताटातून मान वर केली नाही. धाकट्याच्या खोलीला बाहेरून कडी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने इंजिन खालून उघडलं. तेल काढलं, ते जरा कमीच निघालं, मग तेलाचं भांडं उतरवलं आणि खड्ड्यात उभा राहून वर बघितलं. पिवळ्या रेघा. प्रत्येक बोल्टवर एक, सरळ, अखंड. तिसऱ्या रॉडच्या दोन्ही बोल्टांवरसुद्धा. तरी त्याने बोल्ट किती आवळलाय ते दाखवणारा टॉर्क पाना लावून बघितला. बोल्ट जितके आवळायला हवेत तितकेच आवळलेले होते.

त्याने रॉडांच्या खालच्या टोप्या उतरवून बेअरिंगच्या अर्धगोल वाट्या बाहेर काढल्या. पाठीवरचा नंबर नव्या मालाचा होता, मापही बरोबर. पहिल्या दोन रॉडांच्या वाट्या अजून राखाडी, गुळगुळीत होत्या. तिसरीवर ओरखडेच ओरखडे, आणि वरचा थर झिजून खालचं तांबं उघडं पडलं होतं. चौथीची नुकती सुरुवात झाली होती. बोल्ट सैल राहिले असते तर वाटी जागेवर हलली असती, तिची पाठ घासून चकचकीत झाली असती. मिस्त्री त्या पाठीकडे बघत राहिला. उजेडात नेऊन बघितली, भिंग लावून बघितली. त्याला ती खूण सापडायला हवी होती. सापडली असती तर तो खरा ठरला असता. पाठ मळकट आणि शांत होती.

ही झीज त्याने आयुष्यात पुष्कळदा बघितली होती. हे ढिलाईचं काम नव्हतं. हे बेअरिंग तहानेने मेलं होतं. त्याला तेल पोचलं नव्हतं.

बोळाचा चढ त्याच्या डोळ्यांसमोर आला. चढाकडे तोंड केलेली व्हॅन, घरघरणारं इंजिन. तो तिथंच उभा होता. पन्नास पावलांवरून त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, आणि त्याला दिसलं नव्हतं, कारण तो हसणाऱ्या माणसांचे चेहरे वाचत होता. खड्ड्याच्या कडेवर तो बसला.

दुपारी तो बेकरीत गेला. या वेळी रस्त्याच्या मधून गेला. बाई मागच्या दाराशी पिठाची पोती मोजून घेत होत्या.

"झाली गाडी?" त्यांनी विचारलं.

"नाही. बाई, गाडी इथं अशीच उभी करता?"

"मग कशी करू? भट्टीचं दार इकडे. ट्रे लांबून आणले तर पाव थंड पडतात."

"इंजिन का चालू ठेवता?"

"गरम असताना बंद केली की रुसते. परत सुरू व्हायला वेळ लावते. म्हणून चालूच ठेवते."

"तेल बघता का?"

"रोज," बाई जरा दुखावून म्हणाल्या. "तेलाची पट्टी काढून, पुसून, परत घालून बघते. तुमच्या धाकट्यानेच शिकवलंय. भरलेलं असतं."

"बघता कुठे?"

"इथंच."

मिस्त्रीने डोळे मिटून घेतले. चढावर तेल पट्टीच्या बाजूला जमा होतं आणि पट्टी भरलेलं दाखवते. गॅरेजात भांडं उतरवताना निघालेलं तेल त्याला कमी वाटलं होतंच. उरलंसुरलं तेल मागे सरकत होतं, पुढून तेल ओढणाऱ्या नळीत हवा जात होती, आणि इंजिन तसंच कोरडं फिरत होतं. रोज, ट्रे चढवून होईपर्यंत.

"धाकटा तुम्हाला याबद्दल बोलला होता?"

"दोनदा बोलला. मी म्हटलं, बाबा, या बोळात सपाट जागा आणू कुठून? तेव्हा त्याने ती शेड बघितली. लाकूड ठेवायची जुनी जागा आहे आमची. म्हणाला, मला भाड्याने द्या, पुढच्या अर्ध्या भागाची जमीन मी सपाट करून देतो, ट्रे चढवताना गाडी तिथं उभी करा, बाकी वेळ मी काम करीन. कधीपासून रोज दुपारी येऊन सिमेंट ओततोय बिचारा." बाईंनी मिस्त्रीच्या चेहऱ्याकडे बघितलं. "तुम्हाला सांगितलं नाही त्याने?"

"सांगितलं होतं," मिस्त्री म्हणाला. "मी ऐकलं नाही."

शेडचं दार उघडंच होतं. धाकटा गुडघ्यांवर बसून ओल्या सिमेंटवर लाकडी पट्टी फिरवत होता. शेजारी पाणसळ पडली होती. भावाची सावली आत पडली तशी त्याने मान वर केली, आणि परत काम करू लागला.

"त्यावर पाय देऊ नकोस. ओलं आहे."

मिस्त्री उंबऱ्यावरच थांबला. खिशातून त्याने ती झिजलेली वाटी काढली, पण दाखवली नाही, नुसती मुठीत धरून ठेवली.

"बोल्ट पक्के होते," तो म्हणाला. "तुझं काम चोख होतं. माझी चूक झाली."

धाकट्याने पट्टी थांबवली. "मला ठाऊक होतं बोल्ट पक्के आहेत. मला ते तुझ्याकडून ऐकायची गरज नव्हती. काल गरज होती."

"काल मला वाटलं..."

"तुला मी बाबांसारखा वाटलो."

मिस्त्रीने मुठीतली वाटी उलटी केली. मग म्हणाला, "तुला ते आठवतसुद्धा नाहीत."

"नाही. पण तू माझ्याकडे जसा बघतोस ना, त्यावरून ते कसे असतील ते कळतं."

बाहेर बाईंचा गडी पोती ओढत होता. मिस्त्री उंबऱ्यावर बसला. वाटी त्याने परत खिशात टाकली. "परत ये म्हणणार नाही," तो म्हणाला. "तुझं तू सुरू कर. पण ते बेअरिंग तूच बसव. क्रँकही घासून घ्यावा लागेल, जरा ओरखडलाय. मी हात लावला नाही."

धाकट्याने पट्टी परत सिमेंटवर टेकवली. पट्टी फिरवत तो मागे मागे सरकत गेला आणि शेवटचा कोपरा सपाट केला. "सिमेंट वाळू दे. परवा येतो," तो म्हणाला.

क्रँक घासून येईपर्यंत काही दिवस गेले. मग दोघांनी मिळून इंजिन बांधलं. धाकटा खड्ड्यात, मिस्त्री वरून सामान देत. दोघं कामापुरतंच बोलत होते. धाकटा गुणगुणत नव्हता, आणि ते मिस्त्रीला सारखं जाणवत होतं. शेवटचा बोल्ट आवळून झाल्यावर धाकट्याने त्यावर पिवळी रेघ ओढली, आणि टॉर्क पाना वर, भावापुढे धरला.

"घे, तपास."

"नको."

"तपास रे. त्याशिवाय तुला घास गोड लागायचा नाही. आणि वहिनीला त्रास."

मिस्त्री खाली उतरला आणि त्याने तपासलं. एकही बोल्ट सोडला नाही. धाकटा खड्ड्याच्या भिंतीला टेकून बघत राहिला, आणि शेवटच्या बोल्टला त्याला हसू फुटलं. मिस्त्रीही हसला, जरा ओशाळून. जिन्यावरून बायकोने विचारलं, काय झालं म्हणून. दोघांनीही सांगितलं नाही.

व्हॅन त्यानंतर शेडमधल्या सपाट फरशीवर उभी राहू लागली. मिस्त्रीने काही दिवसांनी स्वतः तिसरा प्लग काढून बघितला. जीभ जशीच्या तशी होती, फट बरोबर नखाएवढी. त्याने प्लग परत लावला आणि बाईंना पहिल्यांदाच म्हणाला, "ठीक आहे." बाईंना त्यात काही विशेष वाटलं नाही.

धाकट्याचं काम बोळात चांगलं चाललं. राहायला तो घरीच राहिला, पण जेवताना दोघं आपापल्या गाड्यांबद्दल बोलू लागले, दोन वेगळ्या गॅरेजांचे मालक बोलतात तसे. जड काम आलं की मिस्त्री गिऱ्हाइकाला तिकडे पाठवी. संशय गेला असं कुणी म्हणू नये. तो नवा पट्टा अजून ताणून, हुंगून बघे. फरक एवढाच झाला की मनात काही आलं तर तो आता सरळ विचारून टाकी. कधी कधी फारच सरळ. धाकटा एकदा नवा शर्ट घालून संध्याकाळी बाहेर निघाला तेव्हा मिस्त्रीने जिन्यातच गाठलं.

"कुठे?"

"बेकरीवाल्या बाईंची भाची आलीय. चहाला बोलावलंय."

"बरं," मिस्त्री म्हणाला, आणि जरा थांबून, "मुलगी कशी आहे?"

"तू येऊन बघणार असशील तर मी जातच नाही," धाकटा म्हणाला.

तो गेला. मिस्त्रीने बायकोला विचारलं, तुला हेही आधीच माहीत होतं का. ती हो म्हणाली, आणि भाजी चिरत राहिली. पुढच्या वर्षी त्या भाचीशी धाकट्याचं लग्न झालं. लग्नाआधी मिस्त्री तिला एकदाच भेटला होता. तिला फक्त एवढंच विचारलं, की गाडी चालवता येते का. ती म्हणाली, शिकतेय, पण क्लच सोडताना गचका बसतो. मिस्त्रीने क्लच कसा सोडायचा ते तिला पाऊण तास समजावून सांगितलं, आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, मुलगी चांगली आहे.

बायकोने त्याच्याकडे वळून बघितलं. तो "असेल" म्हणाला नव्हता.